सातबारा, आठ संमतिपत्रे आणि पंचावन्न रातांबे

ऑक्टोबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या बँक खात्यात फळबाग लागवड अनुदानाचा तिसरा आणि शेवटचा हप्ता जमा झाला. त्या दिवशी मी कपाटातून कागदांची पिशवी काढली आणि तारखांप्रमाणे एकेक कागद लावत बसले. सर्वांत जुना कागद डिसेंबर २०२० चा होता. कुडाळ तालुक्यातील माहेरच्या वीस गुंठे जमिनीत रातांब्याची, म्हणजे कोकमाची, पंचावन्न कलमे लावण्यासाठी मला जवळजवळ पाच वर्षे लागली आणि त्यांतील पहिले दीड वर्ष एकही खड्डा न खणता केवळ कागदांत गेले. त्या दीड वर्षात पुढची पायरी कोणती, हे सांगणारे कोणी भेटले असते तर मनस्ताप पुष्कळ कमी झाला असता. म्हणून सर्व काही घडले त्या क्रमाने लिहून ठेवत आहे.

विवाहानंतरची सव्वीस वर्षे मी कोल्हापुरात काढली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आई गावी एकटी होती, म्हणून मी तिच्याकडे आले आणि पुढे तिथेच राहिले. घरामागच्या उतारावर रातांब्याची चार जुनी झाडे होती. कोकम हे आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम उताराचे झाड आहे. कोकण, गोवा आणि कर्नाटकाची किनारपट्टी हे त्याचे घर. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. असे असूनही आमच्या वाडीत रातांबा मुद्दाम लावल्याचे मी कधी पाहिले नव्हते. बांधावर, परसात, पऱ्ह्याच्या काठाला आपोआप रुजलेली झाडे, त्यांची मे महिन्यात गोळा केलेली फळे आणि अंगणात वाळणारी आमसुले एवढाच त्याच्याशी सर्वांचा संबंध. त्या वर्षी टाळेबंदीमुळे बाजार बंद असताना आईने केलेली आमसुले आणि आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, वाडीतील सात घरांना वर्षभर पुरले. तेव्हा माझ्या मनात आले की उताराच्या वरची पडीक वीस गुंठे जमीन या झाडाला द्यावी.

चार झाडांपैकी एक नर होते. कोकमात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि बी रुजवून आलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, तीही सहा-सात वर्षे वाढवून फुलोरा आल्यावरच कळतात. वाडीतील लोक अशा झाडाला वांझ म्हणतात आणि जागा अडवते म्हणून तोडून टाकतात. मीही सफाईच्या वेळी ते काढण्याचे ठरवले होते. आईने मला थांबवले. "त्या झाडाक हात लावू नको. ता गेला तर बाकीची धरूची नाय," एवढेच ती म्हणाली. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाची लागवडीची शिफारस वाचली तेव्हा त्यात शेकडा पाच ते दहा नर कलमे बागेत ठेवावीत असे स्पष्ट लिहिलेले होते.

खर्चासाठी राज्य शासनाची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना असल्याचे कृषी सहाय्यकांकडून कळले. ही योजना २०१८-१९ पासून सुरू आहे. कोकणात तिच्यासाठी किमान दहा गुंठे क्षेत्र लागते आणि अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते. ज्यांच्याकडे रोजगार हमीचे जॉब कार्ड आहे त्यांनी आधी त्या योजनेतून फळबाग करता येते का ते पाहावे. माझ्याकडे ते नव्हते. खड्डे खोदणे, कलमे, त्यांची लागवड, पीक संरक्षण आणि मेलेल्या कलमांच्या जागी नवी लावणे, ज्याला कृषी खात्याच्या भाषेत नांग्या भरणे म्हणतात, हा खर्च योजनेत बसतो. जमीन तयार करणे, खड्डे माती आणि शेणखताने भरणे आणि कुंपण हे मात्र शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने करायचे असते. हे मला आधी समजले नव्हते आणि कुंपणाचा आकडा पुढे फार मोठा निघाला, म्हणून आरंभीच सांगते.

डिसेंबर २०२० मध्ये महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपये भरून सातबारा काढला. त्यावर माझ्या वडिलांचे नाव तसेच होते. वडील २०१६ मध्ये गेले आणि चार वर्षे आमच्यापैकी कोणालाही वारस नोंद करण्याचे सुचले नव्हते. तलाठी कार्यालयात मृत्यूचा दाखला, वारसांच्या नावांचे प्रतिज्ञापत्र आणि सर्वांच्या आधार कार्डांच्या प्रती देऊन अर्ज केला. फेरफाराची नोंद झाल्यावर संबंधितांना नोटीस जाते, हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आमच्या बाबतीत कोणाचीही हरकत नव्हती, तरी एका वारसाच्या पत्त्यात चूक राहिल्याने नोटीस परत आली आणि फेब्रुवारीच्या अखेरीस नोंद पूर्ण झाली. ज्यांच्या घरी असे काम राहिले असेल त्यांनी कोणत्याही योजनेची वाट न पाहता ते आजच करून घ्यावे. अर्जाची मुदत डोक्यावर असताना वारस नोंद करणे फार कठीण जाते.

नव्या सातबाऱ्यावर नऊ नावे आली: आई, दादा आणि मी, काकू आणि तिची तीन मुले, आत्या आणि दुसऱ्या दिवंगत काकांचा मुलगा. माझे नाव वडिलांच्या नावासह माहेरच्या आडनावाने होते, आधार कार्डावर मात्र सासरचे. संगणकाच्या दृष्टीने त्या दोन स्त्रिया होत्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडून हा प्रश्न सुटला, पण आमचे विवाह नोंदणी प्रमाणपत्रच नव्हते. ते कोल्हापुरात जाऊन करून आणावे लागले. माहेरच्या जमिनीत नाव असलेल्या माझ्यासारख्या अनेक जणी असतील. त्यांनी वारस नोंदीच्या वेळीच अर्जात दोन्ही नावे लिहावीत, म्हणजे पुढचा फेरा वाचेल.

खरी परीक्षा संमतिपत्रांची होती. सामाईक जमिनीवर फळबाग करायची तर इतर सर्व खातेदारांची लेखी संमती लागते आणि सातबाऱ्यावर कुळाचे नाव असेल तर त्याचीही लागते. माझ्या बाबतीत आठ जण होते. दादा डोंबिवलीला, चुलत बहीण वसईला, आत्या सावंतवाडीत, एक चुलत भाऊ पुण्याला आणि एक मस्कतला. मी मार्च २०२१ मध्ये शंभर रुपयांच्या मुद्रांकावर मसुदा तयार करून घेतला. (तोच मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशे रुपयांचा झाला आहे.) महिन्याभरात सह्या होतील असे मला वाटले होते, पण एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली. ज्यांच्या सह्या हव्या होत्या त्यांतील तिघे आजारी पडले आणि काकू कुडाळच्या रुग्णालयात अकरा दिवस होती. त्या दिवसांत कोणाकडे कागदाचा विषय काढणे मला शक्य झाले नाही आणि मी तो काढला नाही.

त्यातच १६ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. रात्रभर कौले उडत होती. सकाळी पाहिले तर फणस आडवा झालेला आणि चार रातांब्यांपैकी एक, फळांनी भरलेला, मुळासकट उपटलेला. ओली फळे चिखलात विखुरली होती. आई आणि मी जेवढी वेचता आली तेवढी वेचून धुतली आणि मीठ घालून त्यांचे आगळ केले. नर झाड उभे होते.

सप्टेंबरपासून पुन्हा संमतीच्या मागे लागले. भांडण असे कोणाशीही झाले नाही, मात्र प्रत्येकाच्या मनात एक शंका होती: संमती दिली तर जमिनीवरचा आपला हक्क जातो का? ही शंका रास्त आहे आणि तिच्यावर रागावून उपयोग नाही. वकिलांच्या सल्ल्याने मी मसुद्यात एक वाक्य वाढवले, की ही संमती केवळ फळझाडे लावण्यापुरती आणि शासकीय अनुदान घेण्यापुरती असून मालकी हक्क आणि वाटणीच्या अधिकाराला तिच्यामुळे बाधा येणार नाही. त्या एका वाक्यामुळे चार सह्या आठवड्यात मिळाल्या. पुण्याच्या भावाने नर झाड तोडून त्याजागी आंबा लावावा असा आग्रह धरला. त्याला मी विद्यापीठाच्या शिफारशीचा कागद पाठवला आणि आईचे त्याच्याशी फोनवर बोलणे करून दिले. मस्कतच्या भावाने तेथील भारतीय दूतावासात जाऊन सही साक्षांकित करून कागद टपालाने पाठवला. त्याला येण्यास सदतीस दिवस लागले. प्रत्येकाला मी शब्द दिला होता की दर वर्षी घरची आमसुले पोहोचतील. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात आठवे संमतिपत्र हाती आले. मुद्रांक, नोटरी, टपाल आणि प्रवास मिळून तोवर ४,३५० रुपये गेले होते.

अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. कोकम हे पीक शोधताना माझा बराच वेळ गेला, कारण मी ते मसाला पिकांत पाहत होते. केंद्र शासनाच्या मसाला मंडळाच्या यादीत कोकम आहे. वाळलेल्या सालीचा, म्हणजे आमसुलाचा, आपण करतो तो उपयोगही मसाल्याचाच आहे. या योजनेत मात्र ते आंबा, काजू, फणस, जांभूळ यांच्या शेजारी, फळझाडांत आहे. अर्जाचे शुल्क २३ रुपये ६० पैसे. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू नसेल तर पहिल्या पानापुढे जाता येत नाही, त्यामुळे तो आधी तपासून घ्यावा. मार्च २०२२ मध्ये सोडतीत निवड झाल्याचा लघुसंदेश आला आणि सात दिवसांत कागदपत्रे चढवण्यास सांगितले. सातबारा, आठ-अ (खात्यावरील जमिनींचा उतारा), आधार, पासबुक, संमतिपत्रे सर्व तयार असल्यामुळे मी ते एका दुपारी केले. संमतिपत्रांची छायाचित्रे मोबाइलवर काढून पाठवली ती पुसट आल्याने एकदा अर्ज परत आला; नंतर कुडाळमध्ये स्कॅन करून घेतली. कृषी सहाय्यकांनी जागा पाहिली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्वसंमतीपत्र मिळाले. त्याआधी एकही खड्डा खणू नये, कारण पूर्वसंमतीपूर्वी केलेले काम अनुदानास पात्र ठरत नाही.

यापुढचे काम मला मनापासून आवडले. सहा बाय सहा मीटर अंतर धरले तर वीस गुंठ्यांत पंचावन्न झाडे बसतात. दोरी आणि चुन्याने जागा आखल्या आणि साठ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असे खड्डे घेतले. आमच्या जांभ्या जमिनीत हे पहारीचे काम आहे. तीन माणसांना सहा दिवस लागले आणि ४,९५० रुपये मजुरी झाली. खड्डे दोन आठवडे उन्हात तापू दिले आणि मग माती, शेणखत आणि पालापाचोळ्याने भरले.

कलमे निवडताना मी घाई केली नाही आणि याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. बियांची रोपे स्वस्त मिळतात, पण त्यांत नर किती निघतील ते सांगता येत नाही, म्हणून मृदुकाष्ठ पद्धतीने, म्हणजे कोवळ्या रोपावर निवडलेल्या झाडाची काडी बांधून, केलेली कलमेच घ्यावीत. विद्यापीठाने कोकण अमृता ही जात १९९७ मध्ये दिली. तिची फळे पावसापूर्वी तयार होतात, हा कोकणात फार मोठा गुण आहे, कारण आमसुलाचे सारे यश मे महिन्याच्या उन्हावर अवलंबून असते. कलमाची काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची आहे का, हे अवश्य विचारावे. आडव्या फांदीच्या काडीचे कलम जगते, पण ते जमिनीलगत पसरत जाते, त्याला शेंडा धरत नाही आणि आधार देऊन वळवण्यात वर्षे जातात. एका खासगी रोपवाटिकेत मला दाखवलेली बहुतेक कलमे अशी पसरट होती आणि नर कोणते, मादी कोणते याची खूणही नव्हती. तिथून मी रिकाम्या हाताने परतले. शेवटी ज्या शासकीय रोपवाटिकेची पावती योजनेत चालते तेथून पन्नास मादी आणि पाच नर कलमे घेतली. टेम्पोसह ६,८०० रुपये झाले. नर कलमांच्या काठ्यांना तिथेच तांबडा रंग लावून घेतला आणि ती बागेच्या एका कडेला न लावता मधूनमधून विखरून लावली. पावतीवर पिकाचे नाव, जात, कलमांची संख्या आणि तारीख स्पष्ट असावी. माझ्या पहिल्या पावतीवर जात लिहायची राहिली होती आणि ती बदलून आणण्यासाठी एक दिवस गेला.

लागवड ३ जुलै २०२२ रोजी झाली. पिशवी कापताना मातीचा गोळा फुटू न देणे, कलमाचा जोड जमिनीच्या वर राहील असे लावणे आणि लगेच काठीचा आधार देणे, या तीन गोष्टी आम्ही कटाक्षाने केल्या. एक गोष्ट मात्र राहून गेली. जोडावर गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी काढायची असते, हे मला ऑक्टोबरमध्ये कळले. तोवर चार कलमे त्या पट्टीपाशी आवळली जाऊन वाऱ्याने मोडली होती. नवे वाचक निदान एवढे लक्षात ठेवोत.

पहिली तपासणी ऑगस्टमध्ये झाली. प्रत्येक ओळीत उभे राहून छायाचित्रे घेतली गेली आणि मोबाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले गेले. त्यानंतर सहा महिने काहीच कळले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये संकेतस्थळावर रक्कम जमा झाल्याचे दिसू लागले, माझ्या पासबुकात मात्र नोंद नव्हती. मी तीन वेळा कार्यालयात गेले आणि दोन वेळा बँकेत. शेवटी एका तरुण कर्मचाऱ्याने उलगडा केला: थेट लाभाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असे नाही, ती आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. माझे आधार कोल्हापुरातील एका जुन्या खात्याशी जोडलेले होते आणि पैसे तिथे सुरक्षित पडून होते. अर्ज करण्यापूर्वी आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे ते बँकेत विचारून घ्यावे. या एका चौकशीने माझे दोन महिने आणि बरीच झोप वाचली असती.

कुंपणाचे आधी म्हटले होते ते असे. उन्हाळ्यात आमच्याकडे गुरे मोकळी सोडतात आणि रात्री रानडुकरे उतरतात. जुना गडगा तीन ठिकाणी ढासळला होता. तो जांभ्या दगडांनी पुन्हा रचून घेण्यास २१,००० रुपये लागले आणि ते सर्वस्वी आमचे होते. दादाने त्यातील निम्मे स्वतःहून पाठवले.

कोकमाच्या कोवळ्या कलमाला पहिली दोन वर्षे सावली लागते. बांबूचे चार खांब आणि वर माडाची झापे, असे छप्पर आम्ही प्रत्येक कलमावर डिसेंबरमध्ये उभे केले. पाणी विहिरीवरून कळशीने, आठवड्यातून दोनदा. आई ७४ वर्षांची असूनही पहिल्या दोन ओळी तिच्याकडे होत्या आणि त्या तिने कोणालाही दिल्या नाहीत. मे अखेरपर्यंत एक्कावन्न कलमे तग धरून होती. पावसाच्या भरवशावर आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात झापे काढली, ही आमची चूक झाली. २०२३ चा पाऊस आपल्याला आठवत असेल. ११ जूनला तो दक्षिण कोकणात पोहोचल्याचे जाहीर झाले आणि मग जवळजवळ दोन आठवडे तिथेच थबकला. विहिरीने तळ गाठला होता. त्या दिवसांत आठ कलमे करपली. मी रोज संध्याकाळी मोजायला जात असे आणि शेवटी आकडा त्रेचाळीसवर थांबला.

माझ्या पूर्वसंमतीपत्रातील अटीनुसार कोरडवाहू बागेत पुढच्या हप्त्यांसाठी ८० टक्के झाडे जिवंत असली पाहिजेत, म्हणजे पंचावन्नपैकी चव्वेचाळीस. एक कमी होते. मी घाबरून कृषी सहाय्यकांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितले की नांग्या भरण्याची तरतूद आहे, जुलैमध्ये त्याच जातीची कलमे लावा, पावती ठेवा आणि तपासणी त्यानंतरच होईल. बारा कलमे आणली आणि लावली. नोव्हेंबरच्या तपासणीत त्रेपन्न जिवंत निघाली आणि दुसरा हप्ता मार्च २०२४ मध्ये योग्य खात्यात आला. नवख्या माणसाला वाटते की झाडे मेली हे लपवावे. तसे करू नये. वेळेवर सांगितले तर मार्ग निघतो.

याच काळात ई-पीक पाहणीही शिकले. ती १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाची नोंद केली की ती सातबाऱ्यावर येते. आमच्या उतारावर नेटवर्क नाही, त्यामुळे छायाचित्र शेतात काढून नोंद घरी येऊन पुढे पाठवावी लागे. सातबाऱ्यावर पडीक या शब्दाऐवजी कोकम हा शब्द प्रथम दिसला त्या दिवशी मी त्याची प्रत आठही जणांना पाठवली.

तिसऱ्या वर्षाने फारसा त्रास दिला नाही. खत शिफारशीप्रमाणे दर वर्षी वाढवत नेले: पहिल्या वर्षी दर झाडाला दोन किलो शेणखत आणि ५० ग्रॅम नत्र, २५ ग्रॅम स्फुरद, २५ ग्रॅम पालाश, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी तिप्पट. जोडाच्या खालून येणारे धुमारे दर महिन्याला काढावे लागतात. ते मूळ रोपाचे असतात आणि वरचे कलम हलकेच मरून जाऊन तेच झाड म्हणून वाढू लागतात. बावीस क्रमांकाच्या कलमाच्या बाबतीत असे झाले आणि ते नर निघेल की मादी, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. मी ते ठेवले आहे.

मे २०२५ मध्ये उरलेल्या जुन्या मादी झाडांची फळे आम्ही १२ तारखेला काढली. आमसूल करताना फळाचे दोन भाग करून बिया आणि गर वेगळा काढतात, गराच्या रसात मीठ घालतात आणि साली त्यात बुडवून उन्हात वाळवतात. वाळल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. असे चार-पाच वेळा केल्यावर साल काळसर, मऊ आणि चकचकीत होते. आमची दोन पुटे झाली आणि २० तारखेपासून पाऊस कोसळू लागला. २५ मे रोजी मोसमी पाऊस देवगडपर्यंत आल्याचे हवामान खात्याने जाहीर केले, इतक्या लवकर तो आल्याचे आईलाही आठवत नव्हते. साली चुलीवरच्या मांडवीवर पसरून वाचवण्याचा प्रयत्न केला, पण अर्ध्याहून अधिक सालींना बुरशी आली. जी फळे झाडावर होती त्यांचे सारे आगळ केले. आठ जणांना दिलेला शब्द त्या वर्षी बाटल्यांतून पाळला. बिया मात्र धुऊन, धुरावर सुकवून ठेवल्या आणि दिवाळीनंतर आईने त्यांचे मुठेल, म्हणजे बियांचे घट्ट तेल, केले. थंडीत फुटलेल्या टाचांना आमच्याकडे दुसरे काही लावत नाहीत.

शेवटची तपासणी जुलैमध्ये भर पावसात झाली. एक्कावन्न झाडे. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक झाडापाशी थांबून मोजले आणि जुन्या नर झाडाखाली उभे राहून अहवाल भरला. पुढचा हप्ता कधी आला ते आरंभी लिहिलेच आहे.

आता जानेवारी २०२६ आहे. कोकमाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी फुलोरा असतो. गेल्या पंधरवड्यात सहा कलमांवर प्रथमच कळ्या दिसल्या, त्यांत तांबड्या खुणेच्या दोन काठ्या आहेत. इतक्या कोवळ्या वयात मादी झाडावर फळ धरू देऊ नये, वाढ खुंटते, असे मला सांगितले गेले आहे, म्हणून रविवारी आम्ही दोघी कळ्या खुडायला गेलो. तीन झाडांवरच्या काढल्या. एकतीस क्रमांकाच्या झाडापाशी आईने माझा हात धरला, दोन कळ्या मोजून दाखवल्या आणि त्या तशाच राहू दिल्या.